पांढरी तीनचा गंधार

बुवा,

तुमची आठवण झाली की मला सर्वांत आधी वास येतो. तुमच्या पेटीच्या पट्ट्यांना तंबाखूचा वास होता आणि त्याचे कारण मी आजही नीट सांगू शकते, कारण ते मी तीन वर्षे रोज पाहिले आहे. वहीच्या कागदाचे नखाएवढे तुकडे कापून तुम्ही त्यांवर एक ते सात आकडे लिहीत होतात, तुकडा जिभेवर ठेवून ओला करीत होतात आणि पांढऱ्या पट्टीवर अंगठ्याने दाबून बसवीत होतात. खळ करण्याचे कष्ट तुम्ही कधी घेतले नाहीत. दोन दिवसांत आकडा सुटे. मग पुन्हा जीभ, पुन्हा अंगठा. त्या पट्ट्यांवर आम्ही दहा-बारा मुले बोटे फिरवीत होतो आणि त्याच बोटांनी घरी जाऊन भाकरी खात होतो. आईच्या शिस्तीप्रमाणे मी हात धुऊन तुमच्याकडे येई. खरे तर तुमच्याकडून परतल्यावर ते धुवायला हवे होते, पण हे तिला कसे सुचणार? आज मी ऐंशीच्या घरात आहे, आणि अजूनही कुणी जिभेला बोट लावून पान उलटले तर ते पुस्तक मी हातात घेत नाही. किळस एवढीच असती तर ती लहानपणाबरोबर गेली असती. उरलेली किळस वेगळ्या जातीची आहे, आणि ती मला क्रमाने मांडायची आहे, कारण मी आयुष्यभर क्रमानेच शिकवत आले.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही चिंचवडला राहायला आलो. वडील कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. गावात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तुमचे घर. पुढच्या पडवीत शिकवणी, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीला खुंटीवर गवसणीत गुंडाळलेला तंबोरा, जो त्या गवसणीतून कधी बाहेर निघत नसे. आई मला घेऊन आली तेव्हा तुम्ही माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. हात पाहून वाद्य ठरवणारे बुवा, अशी तुमची कारखान्याच्या कॉलनीपासून आकुर्डीपर्यंत ख्याती होती. मी आधीच ठरवून आले होते. कुणाच्या तरी लग्नात मी दिलरुबा ऐकला होता, आणि माणूस रडत असताना जसा आवाज लांबवतो तसा एखादे लाकूड लांबवू शकते, याचे मला वेड लागले होते. म्हणून मी म्हणाले, "मला ते गजाने वाजवतात ते शिकायचंय."

तुम्ही आईकडे पाहून हसलात. "गजाचं वाद्य म्हणजे पहिली दोन वर्षं घरात मांजर रडतं, वहिनी. शेजारी दगड मारतील. हिच्या बोटांना पेटी आहे, पेटी. पट्टी दाबली की सूर तयार."

"आणि उद्या कुणी पाहायला आलं तर पेटी पुढे ठेवता येईल," आई म्हणाली.

"तेच तर. दिलरुबा घेऊन बसली तर मुलगा पळून जाईल."

दोघेही हसलात आणि माझे वाद्य ठरले. त्या पडवीत बासरी मागणारा एक मुलगा आला, त्याच्या बोटांना पेटी निघाली. तबला मागणारा आला, त्यालाही पेटी. एकाला तर घरात फिडल होते, आजोबांचे. ते तुम्ही परत पाठवलेत. सर्वांचे हात पाहायचे आणि सर्वांना एकच उत्तर द्यायचे, हे ज्योतिष आम्हाला कुणालाही विचित्र वाटले नाही.

नवशिक्याला पेटी का देऊ नये, हे मी हजार पालकांना समजावून सांगितले आहे. आज तुम्हालाही सांगते. सूर ही वस्तू सापडण्याची आहे. गळ्याने, गजाने किंवा फुंकरीने मूल आधी चुकते, थोडे वर जाते, थोडे खाली येते आणि मग एका क्षणी षड्जाशी त्याचा सूर असा मिळतो की दोन्ही आवाज एकमेकांत विरघळून जातात. हा क्षण ज्याने स्वतःच्या कानाने पकडला तो पुढे काहीही शिकू शकतो. त्या आनंदासारखा आनंद नाही. माझ्या वर्गात एखाद्या सात वर्षांच्या मुलाला तो पहिल्यांदा गवसतो तेव्हा त्याचे डोळे मोठे होतात, आणि मला या वयातही उठून नाचावेसे वाटते. पेटी हा शोध मुलाच्या आधी स्वतःच उरकून टाकते. तिथे सूर आधीच कापून, घासून, बसवून ठेवलेले असतात. मुलाला फक्त जागा लक्षात ठेवायची असते, आणि आकडे चिकटवले की तेवढीही गरज उरत नाही. पेटी वाईट वाद्य आहे असे मी म्हणत नाही. कान तयार झालेल्याच्या हातात ती सोन्यासारखी वाजते. पण कान तयार व्हायच्या आधी ती दिली तर कान तयार होण्याची वेळच येत नाही. तुम्ही तर आम्हा सर्वांना, मुलगे-मुली एकत्र, पांढरी एकच्या षड्जावर गायला लावलेत, कारण तिथून सरळ पांढऱ्या पट्ट्या मोजत गेले की सातही सूर मिळतात. मुलींचे गळे त्या खालच्या पट्टीत कुढत होते. ते तुम्हाला चालत होते.

पांढरी एक हा षड्ज धरला की गंधार येतो पांढरी तीनवर. तुमच्या पेटीची पांढरी तीन उतरलेली होती. सूर देणारी ती पितळेची जीभ असते, तिच्या टोकाशी मळ साचला की ती जड होते आणि आवाज खाली घसरतो. तुमचा तो गंधार कोमलाच्या दिशेने चांगलाच घसरलेला होता, आणि तुमच्या हाताखालची सगळी मुले तो जसाच्या तसा गळ्यात घेऊन गावभर फिरत होती. आरतीत, शाळेच्या प्रार्थनेत, डोहाळजेवणात, जिथे म्हणून आम्ही गायलो तिथे आमचा गंधार एकसारखा बेसूर होता. एकाच डागाचे ठसे सगळीकडे उमटावेत तसे ते होते, आणि सगळेच तसे गात असल्यामुळे कुणाला ते खटकत नव्हते.

खटकले ते एकीला. दुसऱ्या वर्षी ती आली. ती रहाटणीची, शेतकऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची. वडिलांच्या मागोमाग पवना ओलांडून येई आणि नदीला पाणी चढले की आठवडाभर येत नसे. तिला कुणी शिकवलेले नव्हते. पहाटे जात्यावर आई गाते ते ऐकत ती वाढली होती. पहिल्या दिवशी तुम्ही तिला पेटीबरोबर सरगम म्हणायला लावली, आणि गंधारावर पेटी एकीकडे गेली, ती दुसरीकडे. तुम्हाला काही कळले नाही. तुम्ही तिच्या बोटांकडे पाहत होतात आणि बोटे बरोबर पडत होती. तिनेच मान वाकडी करून पेटीकडे पाहिले आणि माझ्या कानात म्हणाली, "ही पट्टी आजारी हाय का गं?"

मी हसले. मला वाटले, खेडवळ मुलगी, हिला पेटीतले काय कळते.

त्याच सुमारास तुम्ही मला तुमच्या डाव्या बाजूला बसवलेत. म्हणालात, "पोरी, तुझा कान चांगला आहे. यापुढे भाता तू हलवायचा. कुणाचा सूर हलला की हात थांबव. पेटी गप्प झाली की चुकणाऱ्याला आपोआप लाज वाटते." शिकवण्याची ही रीत मला भारी वाटली. तुमच्या शेजारी पाटावर बसायचे, हातात भाता, समोर दहा-बारा मुले, आणि माझा हात थांबला की तुम्ही गरजणार, "लक्ष कुठे आहे?" ज्याच्यावर गरजलात तो तुमच्याकडे पाही. माझ्याकडे कुणी पाहत नसे. मला या सत्तेची चटक लागली, हे मी कबूल करते. ज्या मुलाने मला चिंच दिली नाही त्याच्या निषादावर मी एकदा हात थांबवला होता.

मग तो दुरुस्तीवाला आला. पुण्याहून सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून तो गावोगावच्या पेट्या पाहत फिरे. शिकवणी सुटली होती, मी भात्यावरचे कापड झटकत होते. त्याने कुणाच्या तरी घरची दुरुस्त केलेली पेटी तुमच्या पेटीशेजारी ठेवली आणि तुमचीवर सहज बोटे फिरवली.

"बुवा, ही पांढरी तीन बसलीय तुमची. पाच मिनिटांचं काम आहे. जरा खरवडतो."

"काही बसलेली नाही."

"अहो, ऐका की." त्याने आधी त्याच्या पेटीची पट्टी दाबली, मग तुमची. "हा आणि हा. जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"दोन्ही एकच आहेत," तुम्ही म्हणालात.

दुरुस्तीवाला माझ्याकडे पाहत राहिला. मीही ऐकले होते. फरक आंधळ्यालाही दिसावा इतका होता. मी म्हणाले, "बुवा, खरंच आपली खाली आहे." त्याबरोबर तुम्ही असे पाहिलेत की मी मागे सरकले. "माझ्या पेटीला कुणीही हात लावायचा नाही. पेटी चुकत नसते, माणूस चुकतो. नमस्कार कर तिला. कर." दुरुस्तीवाल्यासमोर मी पेटीला डोके टेकवले. पट्ट्यांचा तो वास नाकात गेला. तो माणूस पिशवी उचलून निघाला आणि उंबऱ्यावर हळूच, पण मला ऐकू येईल इतपत म्हणाला, "बाळ, तुझ्या बुवांना कधी मागून हाक मारून बघ."

मी मागून हाक मारली नाही. मी पद्धतशीर मुलगी होते. मी नीट प्रयोग केला. पेटीच्या पुढे खुंट्या असतात. त्या सगळ्या आत ढकलल्या की भाता हलतो, पट्ट्या दबतात, पण वारा सुरांपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी लवकर आले, खुंट्या आत ढकलल्या आणि तुमच्या समोर बसून अख्खी चीज वाजवली. बोटे चोख फिरवली. पडवीत फक्त पट्ट्यांची टकटक आणि भात्याचा सुस्कारा. मागे काकू भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज याहून मोठा होता. तुम्ही डोळे अर्धे मिटून मान हलवीत होतात. शेवटी म्हणालात, "छान. आज हात हलका पडला."

त्या क्षणी मला सगळे कळले. काकू तुमच्याशी बोलण्याआधी समोर येऊन का उभ्या राहतात, कारखान्याचा भोंगा झाला तरी तुम्ही शिकवणी का सोडत नाही, तंबोरा गवसणीतून का निघत नाही. बासरीचा सूर चुकला तर तो बोटांवरून दिसत नाही. गज चुकला तर तो कानालाच कळतो. गळ्यात तर पाहण्यासारखे काहीच नसते. पेटी हे एकच वाद्य असे होते, ज्याची चूक तुम्हाला डोळ्यांनी पकडता येत होती, म्हणून आमच्या सगळ्यांच्या हातांना पेटी होती. आणि डोळ्यांना जे दिसत नव्हते त्यासाठी तुम्ही भात्यावर मला बसवले होते. पुढे तुम्ही गेल्यावर काकूंनी आईला सांगितले की तरुणपणी तुम्ही कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होतात आणि तिथल्या खडखडाटाने तुमचे कान गेले. ते ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला. मला वाईट वाटायला हवे होते. मी पुष्कळदा प्रयत्न करून पाहिला. तुमच्या बहिरेपणाचा मला राग नाही. पण ते झाकण्यासाठी तुम्ही मुलांचे हात हातात घेऊन उलटेसुलटे करीत होतात, काहीतरी दिव्य दिसल्याचा आव आणीत होतात आणि त्यांना आपापल्या वाद्यापासून तोडीत होतात, हे आठवले की मला तुमच्या अंगठ्याचा तो ओला स्पर्श पुन्हा जाणवतो.

आता ती दुपार. पुण्याला रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमासाठी गाणारी मुले निवडायची होती, आणि तुमच्या शिकवणीतून एकाला पाठवावे असा निरोप शाळेच्या हेडमास्तरांकडून आला होता. रेडिओवर तेव्हा पेटीला मज्जाव होता. तंबोऱ्यावर गावे लागणार होते. गाणाऱ्या म्हणाव्यात अशा आम्ही दोघीच होतो, मी आणि रहाटणीची ती. तुम्ही दोघींना सगळ्यांसमोर तीच एक चीज म्हणायला लावलीत. मी आधी म्हटली. तेव्हा भाता तुम्ही स्वतः हलवला. मग ती उभी राहिली आणि मी भात्यावर बसले. तिचे वडील त्या दिवशी काम टाकून आले होते. पागोटे मांडीवर घेऊन ते उंबऱ्याशी टेकले होते.

ती गायला लागली. पेटीखाली दबून न जाता गायली. दुसऱ्या ओळीत चीज गंधारावर येऊन थांबते. तिथे ती थांबली आणि तिने तिचा गंधार लावला. खाली पेटी आपला रोगट सूर काढत होती, वर तिचा सूर. दोन्ही एकमेकांना घासत होते आणि त्या घर्षणाने पडवीतली मुले चुळबुळू लागली. तिने सूर सोडला नाही. मला माहीत होते की पेटी खोटी आहे. दुरुस्तीवाल्याने ते माझ्यासमोर दाखवले होते. तिचा सूर खरा आहे हे त्या पडवीत एकट्या मला माहीत होते. तुम्ही डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्या हाताकडे पाहत होतात.

मी हात थांबवला.

पेटी गप्प झाली. तिचा गंधार तसाच हवेत उभा राहिला, आणि मग तोही थांबला.

"चढतोय," तुम्ही म्हणालात. "गंधार चढतोय तुझा. गळ्यात पेटी बसत नाही तुझ्या. जन्माची खोड दिसते." मग तुम्ही तिचे हात मागितलेत, उलटेसुलटे केलेत आणि निकाल दिलात, "हिच्या हाताला टाळ आहे. टाळ धर, बाई. भजनात उपयोगी पडशील."

तिचे वडील उठले. आवाज चढवला नाही. "बुवा, टाळ तर आमच्या घरी गोठ्यात बी टांगल्यात. त्याच्यासाठी नदी वलांडून यायचं व्हय?"

"ज्याला जे झेपतं ते द्यावं लागतं, पाटील."

"आन् गळ्याचं?"

"गळ्याचं काही नाही."

"बरं." त्यांनी पागोटे डोक्यावर ठेवले. "चल गं."

तिने माझ्याकडे पाहिले. सगळी मुले तुमच्याकडे पाहत, ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. काहीतरी हिशेब जुळत नाही असे तिला वाटत असावे. त्यानंतर ती आली नाही. नदीला पाणी चढले असेल, असे तुम्ही आठवडाभर म्हणत होतात, जणू तुम्ही तिला परत बोलावले होते.

मला पाठवायचे ठरले, तेव्हा तुम्ही खुंटीवरचा तंबोरा काढलात. गवसणी काकूंकडून धुऊन घेतलीत, नव्या तारा आणून चढवल्यात आणि तो माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, "आजपासून तुझा. लावायचा तूच." ही तुम्ही मला दिलेली एकुलती एक भेट. मी तो घरी नेला आणि दारात बसून लावू लागले. तंबोऱ्याच्या चार तारांत गंधार नसतो. पंचम असतो, दोन षड्ज असतात आणि खालचा खर्ज. पण खर्जाची तार नीट लागली आणि घोडीवरचे जव, म्हणजे तारांखालचे दोरे, बरोबर जागी सरकले की त्या एका जाड तारेतून, कुणी न छेडता, गंधार आपोआप उमलतो. निसर्ग तो स्वतः देतो. त्यात माणसाची मखलाशी नसते. मी हे आयुष्यात शेकडो विद्यार्थ्यांना ऐकवले आहे आणि दर वेळी मला नवल वाटते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मात्र मी तारेवरून हात काढून घेतला, कारण त्या तारेतून जो गंधार येत होता तो रहाटणीच्या मुलीचा होता. पुन्हा पुन्हा तोच. मी तार सैल केली, पुन्हा लावली, पुन्हा तोच आला.

आठ दिवस मी त्या सुराशी गळा मिळवायला धडपडले. जमले नाही. तीन वर्षांची सवय गळ्यात अशी बसते की कान ओरडत असताना गळा आपल्याच वाटेने जातो. पुण्याला तुम्ही मला बसने घेऊन गेलात. आत एक वयस्क बाई तंबोरा धरून बसल्या होत्या. दुसऱ्या ओळीत मी गंधारावर आले, आणि त्यांनी डोळे उघडले. शेवटपर्यंत त्यांनी ऐकून घेतले. मग अगदी मायेने म्हणाल्या, "पेटीवर शिकलीस का, बाळ? गंधार खाली आहे तुझा, फार खाली. आधी कान धुऊन काढावे लागतील." बाहेर तुम्ही बाकावर बसला होतात. तुम्ही भुवया उंचावून विचारलेत. मी तुमच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवून सांगितले, "गर्दी फार होती." तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला ओठ वाचता येतात हे मला ठाऊक आहे, हे तुम्हालाही तेव्हाच कळले असावे. परतीच्या बसमध्ये आपण दोघेही खिडकीबाहेर पाहत होतो. तुम्ही चिंचवड येईपर्यंत तंबाखू मळत राहिलात.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. मी शिकवणी सोडली, पुण्यात दुसऱ्या बाईंकडे शिकले. गंधार जागेवर यायला मला दोन वर्षे लागली. तंबोरा मी परत केला नाही. शिकवू लागले तेव्हा ठरवले की तुम्ही जे केलेत त्याच्या नेमके उलट करायचे. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला पहिले सहा आठवडे वाद्य मिळत नाही. फक्त तंबोरा आणि गळा. मग मी चार-पाच वाद्ये समोर मांडते, ज्याच्याकडे मूल स्वतःहून दोनदा परत जाते ते पाहते आणि नंतर पालकांशी बोलते. आता वाकडच्या उंच इमारतींतून पालक गाड्या घेऊन येतात आणि विचारतात, "मॅम, कीबोर्ड घेऊ की गिटार? आमच्याकडे तो दिवे लागणारा कीबोर्ड आहे, पट्टी आपोआप पेटते, मुलाने फक्त दाबायची." मी त्यांना शांतपणे समजावते. मनात मात्र मला तुमचे जिभेने ओले केलेले आकडे दिसतात.

दोन महिन्यांपूर्वी एक बाई नातीचा हात धरून आल्या. नऊवारी, पायात चांगल्या कंपनीचे पांढरे बूट, बाहेर मुलाची मोठी गाडी. रहाटणीची जमीन गेली, त्यावर सोसायट्या झाल्या, मुले बांधकामात आहेत, असे त्या सांगू लागल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

"तुमी चिंचवडच्या बुवांकडच्या ना? भात्यावर बसायच्या."

मी हो म्हणाले. तिने ओळखल्यावर मग मीही ओळखले. नातीला कोणते वाद्य द्यावे हे विचारायला ती आली होती. नातीला गिटार हवी होती. मी नातीला गायला लावून ऐकले, तर तिचा कान साधारणच निघाला, सहा आठवड्यांनी गिटार तिला चालेल असे मी सांगितले. ते झाल्यावर तिने नातीला पाणी प्यायला पाठवले आणि म्हणाली, "एक इचारू का, बाय? लई दिवसांचं हाय. माझा सूर खरंच चढत व्हता का गं?"

पासष्ट-सत्तर वर्षे तिने हा प्रश्न बाळगला होता. घरात ती कधी गायली नाही, असेही तिने सांगितले. सुनांच्या डोहाळजेवणाला बायका आग्रह करीत तेव्हा ती म्हणे, माझ्या गळ्यात खोड आहे. टाळसुद्धा तिने हातात धरला नाही. मला उत्तर द्यायला एक क्षण पुरे होता. मी म्हणाले, "बुवांना ऐकूच येत नव्हतं."

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "ऐकाय येत नव्हतं, मंग चढतोय हे त्यांना कसं कळलं?"

"ते त्यांनाच ठाऊक," मी म्हणाले.

बुवा, तुमच्याविषयीची किळस मी इतकी वर्षे जपली, ती किती सोयीची आहे हे मला त्या दिवशी दिसले. तुमचे गुपित मी बारा वर्षांची असताना ओळखले होते आणि सगळे आयुष्य कुणालाही सांगितले नव्हते. ते मी पहिल्यांदा उघड केले ते स्वतः त्याच्या मागे लपण्यासाठी. तुम्ही निदान ऐकू न येताच निकाल दिला होता. मला ऐकू आले होते.

नात मंगळवारी आणि शुक्रवारी येते. आजी बरोबर येते, बाहेरच्या खोलीत बसते, दार उघडे असते, तंबोरा तिला सरळ ऐकू जातो. तिला सांगायचे वाक्य लहान आहे: तुझा सूर बरोबर होता, भाता मी थांबवला. हे पत्र मला कुठेच टाकायचे नाही. ते वाक्य एकदा कागदावर उतरते का, एवढेच पाहायचे होते. आज शुक्रवार. तास संपल्यावर ती बूट घालायला वाकली, नातीचा हात धरला आणि म्हणाली, "येते गं बाय." मी म्हणाले, "ये. जपून जा." मग दार लावले आणि हे लिहायला बसले.